ऑफिसचं अपडेट अर्ध्यात का अडकतं? 'समथिंग वेंट राँग'च्या मागे नेमकं काय असतं?

बुधवारची सकाळ. ऑफिसात येऊन कॉम्प्युटर चालू केला, एक्सेल उघडलं, तर वर एक पट्टी दिसते. अपडेट आलंय. तुम्ही 'अपडेट नाऊ'वर क्लिक करता. डाउनलोड सुरू होतं, थोडं पुढे सरकतं, मग थांबतं आणि एक खिडकी येते : 'समथिंग वेंट राँग'. खाली बारीक अक्षरात एक नंबर. बास. काय चुकलं, कुठे चुकलं आणि आता करायचं काय, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नसतं.

बुधवारच का म्हणाल, तर मायक्रोसॉफ्ट आपले सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यामुळे आपल्या ऑफिसांमध्ये ही पट्टी बऱ्याचदा बुधवारी दिसते.

ती खिडकी बघून बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'नंतर बघू' म्हणून खिडकी बंद करतात आणि मग सहा महिने बघत नाहीत. नाहीतर तो नंबर गुगलवर टाकतात आणि समोर येईल त्या 'कस्टमर केअर'ला फोन लावतात. पहिल्यात धोका हळूहळू वाढतो, दुसऱ्यात तासाभरात बँक खातं रिकामं होऊ शकतं. खरं तर अडकलेलं अपडेट ही बहुतेक वेळा अर्ध्या तासात, घरच्या घरी सुटणारी अडचण असते. फक्त सुरुवात योग्य जागेवरून करावी लागते.

'नंतर बघू' म्हटलं तर काय बिघडतं?

वर्ड तर चालतंय, मग अपडेट कशाला? हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे.

वर्डमध्ये गणिताची समीकरणं लिहिण्यासाठी 'इक्वेशन एडिटर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असायचा. तो तयार झाला २००० साली. पुढे ऑफिसच्या नव्या नव्या आवृत्त्या आल्या, पण हा जुना तुकडा तसाच सोबत येत राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झालं की त्यात एक भोक आहे. नीट बेतून बनवलेली वर्डची फाइल तुम्ही उघडली, की त्या भोकातून हल्लेखोर तुमच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवू शकत होता. मॅक्रो चालू करायचीही गरज नव्हती. सतरा वर्षं ते भोक कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती सोडली आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तर इक्वेशन एडिटरच काढून टाकला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मे २०२० मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०१६ ते २०१९ या काळात सर्वात जास्त वापरल्या गेलेल्या दहा त्रुटींची यादी जाहीर केली, तेव्हा त्यात ही त्रुटी होतीच. दुरुस्ती फुकट मिळत होती, तरीही. कारण असंख्य कॉम्प्युटरवर ते अपडेट कधी पोचलंच नव्हतं. कुणी बंद करून ठेवलं होतं, कुणाचं अडकलं होतं आणि कुणी 'नंतर बघू' म्हटलं होतं.

तुमच्या मेलवर रोज बिलं, कोटेशन, बायोडाटा अशा फाइल्स येत असतील, तर ही गोष्ट तुमचीही आहे.

आधी हे बघा : तुमच्याकडे ऑफिस कोणत्या प्रकारचं आहे?

इंटरनेटवरचे निम्मे उपाय लागू पडत नाहीत ते इथे चुकल्यामुळे. ऑफिस कॉम्प्युटरवर बसवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि दोघांचे अपडेट वेगवेगळ्या वाटांनी येतात. सोसायटीत पाणी आलं नाही तर आधी काय विचारतो? पाणी नगरपालिकेचं की बोअरवेलचं? बोअरची मोटर जळाली असेल तर नगरपालिकेत तक्रार करून काय उपयोग? इथेही तसंच आहे.

पहिली पद्धत जुनी, विंडोज इन्स्टॉलरची. सीडीवरून किंवा कंपनीच्या लायसन्सवर बसवलेलं ऑफिस २०१०, २०१३ किंवा २०१६ या प्रकारचं असू शकतं. त्याचे अपडेट विंडोजच्या अपडेटसोबत, म्हणजे विंडोज अपडेटमधून येतात.

दुसरी पद्धत 'क्लिक टू रन'. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि ऑफिस २०१९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोजवर याच पद्धतीने बसतात. दुकानातून एक-एक प्रत विकत घेतलेलं २०१३ आणि २०१६ देखील बहुधा याच प्रकारचं. याचे अपडेट विंडोज अपडेटमधून येत नाहीत. ऑफिस स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून ते उतरवून घेतं. त्यासाठी एक वेगळी सेवा मागे सतत चालू असते.

ओळखायचं कसं? वर्ड उघडा, 'फाइल'मध्ये जा, तिथून 'अकाउंट'वर. उजवीकडे तुमच्या ऑफिसचं नाव दिसेल. त्याखाली 'अपडेट ऑप्शन्स' असं बटण असेल तर तुमचं ऑफिस क्लिक टू रन आहे. बटण नसेल, तर बहुधा जुन्या पद्धतीचं. 'अबाउट वर्ड' या बटणाजवळ आवृत्तीच्या नंबरासोबत 'क्लिक टू रन' असं लिहिलेलंही सापडतं. आणि तिथे अपडेट तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहेत अशा अर्थाचं वाक्य दिसलं, तर हा कॉम्प्युटर कंपनीच्या किंवा कॉलेजच्या नियमांनी बांधलेला आहे. अशा वेळी स्वतः खटपट न करता आयटीवाल्यांना सांगा. तो बिघाड नाही, ती त्यांनी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे.

त्याच पानावर अजून एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या ऑफिसची मुदत संपलीय का? ऑफिस २०१० चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला संपला, २०१३ चा ११ एप्रिल २०२३ ला, आणि २०१६ व २०१९ या दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. ऑफिस २०२१ ची तारीख आहे १३ ऑक्टोबर २०२६. मुदत उलटून गेलेल्या ऑफिसला दर महिन्याचे नियमित अपडेट मिळत नाहीत. तिथे तासभर डोकं लावून काहीही निघणार नाही, कारण नळ कोरडा आहे.

त्या नंबराचा अर्थ काय?

खिडकीतला नंबर खिडकी बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो पूर्ण निदान करत नाही, पण दिशा दाखवतो.

जुन्या पद्धतीच्या ऑफिसमध्ये, म्हणजे विंडोज अपडेटच्या यादीत, नंबर बहुतेक वेळा '०एक्स८००७'ने सुरू होतो. हे गूढ वाटतं, पण वाचता येतं. '८००७' म्हणजे पुढे विंडोजचा स्वतःचा एक चूक-क्रमांक आहे. शेवटचे चार आकडे तोच क्रमांक सांगतात, फक्त सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत. सर्वात जास्त दिसणारा कोड घ्या, '०एक्स८००७०६४३'. यातला '०६४३' नेहमीच्या आकड्यात आणायचा तर सहा गुणिले २५६, अधिक चार गुणिले सोळा, अधिक तीन. उत्तर १६०३. विंडोज इन्स्टॉलरच्या भाषेत १६०३ म्हणजे 'बसवताना गंभीर चूक झाली'. म्हणजे, थोडक्यात, काहीच सांगितलेलं नाही! पण बाकीचे कोड एवढे मुके नसतात. शेवटी '००७०' असेल तर क्रमांक ११२ : डिस्क भरली. '०००५' असेल तर परवानगी नाकारली. '०६५२' असेल तर १६१८ : दुसरं काहीतरी आधीच इन्स्टॉल होतंय, ते संपू द्या.

क्लिक टू रनचे कोड वेगळे, मध्ये आडवी रेघ असलेले. '०-१०१८' आला तर दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे किंवा डिस्कवर जागा नाही. '३०१०२-११'सारखा कोड आला तर जागेची कमतरता किंवा खराब झालेली फाइल. '३००६८'ने सुरू होणारा आला तर ती मागे चालणारी क्लिक टू रन सेवा बंद पडलीय. '०-१०११' किंवा '३०१८३-१०११' आला तर आधी इंटरनेट, प्रॉक्सी, अँटीव्हायरस आणि मग डिस्कची जागा तपासा. आणि '३००८८-२६' हा अपडेट करताना येणारा कोड पुन्हा १६०३ चाच भाऊ आहे, कारण न सांगणारा.

क्लिक टू रन अडकलं असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला दोन मिनिटं लागतात ते आधी, ज्याला दोन तास लागतात ते शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याच झटक्यात ऑफिस अनइन्स्टॉल करतात आणि मग लायसन्सचा पंचवीस अक्षरांचा कोड शोधत बसतात.

आधी कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा. शट डाउन करून परत चालू करणं नव्हे, रीस्टार्टच. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उघडते. म्हणजे जी अडकलेली गोष्ट तुम्हाला घालवायची होती, ती सकाळी तशीच हजर. रीस्टार्ट मात्र सगळं खऱ्या अर्थाने नव्याने सुरू करतं. "मी तर रोज बंद करतो" असं म्हणणाऱ्यांचं निम्मं दुखणं इथेच निघतं.

रीस्टार्टनंतर वर्ड, एक्सेल, आउटलुक यातलं काहीही न उघडता टास्क मॅनेजर बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की तो उघडतो. कधी कधी एक्सेलची खिडकी दिसत नसते, पण यादीत एक्सेल जिवंत असतं. एखाद्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने रिपोर्ट काढायला ते मागच्या मागे उघडलेलं असतं. वापरात असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही, त्यामुळे अपडेट तिथे अडतं. ते बंद करा. मग फक्त एकच, म्हणजे वर्ड, उघडून 'फाइल', 'अकाउंट', 'अपडेट ऑप्शन्स' असं जा. तिथे 'एनेबल अपडेट्स' असा पर्याय दिसला तर समजा की कधीतरी कुणीतरी अपडेट बंदच करून ठेवलेत. ते चालू करा आणि मग 'अपडेट नाऊ'.

तरीही अडलं तर सी ड्राइव्हवर किती जागा आहे ते बघा. मायक्रोसॉफ्ट ३६५ साठी विंडोजवर चार जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. १२८ जीबीची एसएसडी असलेल्या स्वस्त लॅपटॉपवर ती भराभर संपते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' इथे तात्पुरत्या फाइल्स काढायची सोय आहे. डाउनलोड्स फोल्डरवरची खूण मात्र आधी नीट बघा. त्यावर टिक करून सगळं पुसलं, तर मुलाचं हॉल तिकीटही जायचं.

मग कॉम्प्युटरची तारीख. हसू नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यानंतर तारीख काही वर्षं मागे जाते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होताना सर्टिफिकेटची तारीख तपासली जाते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते अजून २०१५ चालू असेल, तर आजचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं आणि जोडणीच होत नाही. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. सेल कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो.

इंटरनेटच्या बाजूने बघायचं तर व्हीपीएन असेल तर बंद करा. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर असाल तर एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा. हॉटस्पॉटवर चाललं आणि तिथल्या वायफायवर चाललं नाही, तर गुन्हेगार सापडला. तिथला फायरवॉल मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोडच्या पत्त्याला अडवतोय. वेगळा अँटीव्हायरस विकत घेतला असेल तर तो दहा-पंधरा मिनिटं थांबवून अपडेट करा आणि लगेच परत चालू करा. त्या वेळात मेल उघडायचे नाहीत.

कोड '३००६८'वाला असेल तर विंडोजच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' असं इंग्रजीत टाइप करून ती यादी उघडा. त्यात 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस क्लिक टू रन सर्व्हिस' शोधा. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की 'स्टार्टअप टाइप' दिसतो. तो 'डिसेबल्ड' असेल तर 'ऑटोमॅटिक' करा आणि 'स्टार्ट' दाबा. कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारी 'क्लीनर' सॉफ्टवेअर कधी कधी ही सेवा फालतू समजून बंद करतात. माझं मत विचाराल, तर ती सॉफ्टवेअर वेग कमी वाढवतात आणि अशी कामं जास्त वाढवतात.

रिपेअर : छोटं आणि मोठं

वरचं सगळं करून झालं तरी कोड तोच येत असेल, तर बहुधा ऑफिसच्याच फाइल्स खराब झाल्यात. अपडेट चालू असताना वीज जाणं हे आपल्याकडे काही नवल नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'च्या यादीत ऑफिस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ शोधा आणि 'मॉडिफाय' निवडा. दोन पर्याय येतात. 'क्विक रिपेअर'ला इंटरनेट लागत नाही, काही मिनिटांत होतं आणि बिघडलेल्या फाइल्स तेवढ्या बदलतं. आधी हेच करा. 'ऑनलाइन रिपेअर' म्हणजे ऑफिस पूर्ण काढून नव्याने उतरवून बसवणं. त्याला चांगलं इंटरनेट आणि वेळ लागतो. त्यामुळे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते सुरू करू नका. आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी चालते ना ते बघा.

'रिपेअर' या शब्दाला लोक घाबरतात, कारण 'माझ्या फाइल्स जातील का?' असं वाटतं. वर्डच्या, एक्सेलच्या फाइल्स जात नाहीत. त्या तुमच्या फोल्डरमध्ये असतात, ऑफिसमध्ये नसतात. मराठी टायपिंगसाठी वेगळे बसवलेले श्रीलिपीसारखे फॉन्टही ऑफिसचा भाग नसतात. तरी आउटलुक वापरत असाल तर एक काळजी घ्या. डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' नावाचं फोल्डर असेल तर आधी ते पेन ड्राइव्हवर घ्या. त्यात तुमचे वर्षानुवर्षांचे मेल असू शकतात. ऑनलाइन रिपेअरनंतर ऑफिस परत लॉगिन मागू शकतं, म्हणून ज्या ईमेलवर लायसन्स आहे त्याचा पासवर्ड आठवतो का, हे आधीच तपासा. हे ऐकायला साधं आहे. पण ऑफिस बसवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्याच ईमेलवर लायसन्स नोंदवलं आणि तो मुलगा आता पुण्याला गेला, असे किस्से कमी नाहीत.

जुन्या पद्धतीचं ऑफिस असेल तर

जुन्या ऑफिसचं अपडेट '०एक्स८००७०६४३' देऊन पडत असेल, तर एका फोल्डरवर संशय घ्यावा. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. ते काही जीबींचं होतं, त्यातल्या फाइल्सची नावं अगम्य असतात. त्यामुळे जागा हवी असणारा कुणीतरी, किंवा एखादा यूट्यूब व्हिडिओ, 'हे उडवा, दहा जीबी वाचवा' असा सल्ला देतो.

ते फोल्डर कचरा नाही. विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा आणि आधीच्या अपडेटचा मूळ नकाशा तिथे जपून ठेवलेला असतो. नवं अपडेट आलं की विंडोज तो नकाशा उघडून बघतं : आधी काय होतं, त्यावर काय बसवलं, आता काय बदलायचं. नकाशाच नसेल तर ते पुढे जाऊ शकत नाही. गंमत म्हणजे उडवल्यावर लगेच काहीच बिघडत नाही. वर्ड चालतं, एक्सेल चालतं. महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट पडतं, तेव्हा त्या साफसफाईची आठवणही कुणाला नसते. शिवाय ऑफिस धड अनइन्स्टॉलही होत नाही.

असं झालं असेल तर मूळ सीडी किंवा सेटअप हाताशी घेऊन 'रिपेअर' करून बघावं. मायक्रोसॉफ्टचं 'प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल' नावाचं फुकट साधन आहे, ते अडकलेल्या नोंदी साफ करतं. पण वरच्या तारखा आठवा. हे ऑफिस २०१० किंवा २०१३ असेल, तर एवढी मेहनत घेऊन ते अद्ययावत होणार नाहीच. तो वेळ नव्याकडे जाण्यात घालवलेला बरा.

एक छोटी गोष्ट. विंडोज अपडेटमधून येणारे अपडेट 'मीटर्ड कनेक्शन' ही सेटिंग चालू असेल तर आपोआप उतरत नाहीत. मोबाइलचा डेटा वाचवायला एकदा चालू केलेली ही सेटिंग घरी फायबर आलं तरी त्याच नेटवर्कच्या नावावर तशीच राहिलेली असू शकते.

क्रॅक केलेलं ऑफिस

हे न बोलता पुढे जाता येणार नाही. नव्या कॉम्प्युटरसोबत दुकानदाराने 'ऑफिस टाकून दिलंय' म्हटलं आणि बिलावर ऑफिसचा उल्लेख नसला, तर ते काय आहे हे आपल्याला माहीत असतं. अशा ऑफिसमध्ये अपडेट अनेकदा अडकत नाहीत, ते मुद्दाम बंद केलेले असतात. ॲक्टिव्हेशनची पळवाट अपडेटने बंद होऊ नये म्हणून. ती पळवाट चालवणारा छोटा प्रोग्रॅम अँटीव्हायरसने पकडू नये म्हणून त्यालाही सूट दिलेली असते. म्हणजे घराला कुलूप नाही आणि राखणदाराला सांगितलंय की इकडे बघू नकोस. यावर वरचा कुठलाही उपाय चालत नाही, आणि चालावा अशी अपेक्षाही करू नये.

पैसे खर्च करायचे नसतील तर सरळ मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्टचं फुकट खातं काढलं की वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये वापरता येतं आणि तिथे अपडेटची भानगडच नाही. लिबर ऑफिस पूर्ण फुकट आहे, त्यात युनिकोड मराठी चालतं. फक्त विंडोजवर त्याची नवी आवृत्ती स्वतः उतरवून बसवावी लागते, हे लक्षात ठेवायचं.

अपडेटच चुकीचं असेल तर?

असंही होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१० साठी काही अपडेट सोडले. जपानमध्ये सम्राट बदलला की कालगणनेचा नवा काळ सुरू होतो. १ मे २०१९ पासून तो सुरू होणार होता, त्याची तयारी म्हणून. त्यातल्या दोन अपडेटमुळे ॲक्सेससारखे प्रोग्रॅम बंद पडायला लागले आणि मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावे लागले. जपानच्या कॅलेंडरची दुरुस्ती, आणि प्रोग्रॅम बंद पडणार ज्याचा जपानशी संबंध नाही त्याचाही!

म्हणून एखाद्या महिन्यात तुमच्या ओळखीतल्या अनेकांचं एकाच वेळी एकाच कोडने अडलं, तर स्वतःचं ऑफिस उचकटत बसू नका. दोन-चार दिवस थांबा, परत 'अपडेट नाऊ' करा. थांबणं म्हणजे अपडेट कायमचं बंद करणं नव्हे.

गुगलवरचा 'हेल्पलाइन नंबर'

शेवटी तो फोन. चुकीचा कोड गुगलवर टाकला की मायक्रोसॉफ्टच्या नावाने टोल फ्री नंबर देणारी पानं आणि जाहिराती येतात. फोन लावला की पलीकडचा माणूस अगदी नम्र असतो. तो तुम्हाला एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो, तुमच्या स्क्रीनवर काहीतरी काळं-पांढरं उघडून "व्हायरस आहे सर" म्हणतो, आणि मग दुरुस्तीची किरकोळ फी नेट बँकिंगने भरायला लावतो. तो तुमचा स्क्रीन बघत असताना. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कमार्फत होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲप स्वतः वाईट नाही. अनोळखी माणसाच्या हाती ते देणं वाईट.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चुकीच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. तसंच ऑफिसचं अपडेट ईमेलला जोडून किंवा व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून येत नाही. ते ऑफिसच्या आतून येतं किंवा विंडोज अपडेटमधून. खरी मदत हवी असेल तर विंडोज ११ मध्ये 'गेट हेल्प' नावाचं ॲप आधीपासून असतं. त्यात ऑफिसची अडचण लिहिली की तेच तपासण्या चालवतं, आणि गरज पडली तर ऑफिस मुळापासून काढायची सोयही त्यातूनच मिळते.

आणि फोन आधीच झाला असेल, ॲप टाकून झालं असेल, तर आधी इंटरनेट तोडा. वायफायचा राउटर बंद केला तरी चालेल. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. त्यानंतर ते ॲप काढा, अँटीव्हायरसने पूर्ण कॉम्प्युटर तपासा आणि बँकेचे व मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. ऑफिसचं अपडेट त्यानंतर केलं तरी चालेल.